आज विक्री बंद

फोन खाली ठेवला आणि मग ताईंच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. बोलताना काही वाटलं नव्हतं. उलट आवाज असा मोकळा लागला होता की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मान वर करून पाहिलं. "अहो काका, हे काय विचारणं झालं? नेहमीसारखंच, सुगी आटोपली की पहिला रविवार. आणि एकटे नका येऊ, सगळ्यांना घेऊन या!" तोंड बोलून मोकळं झालं, पंचाईत कळली ती नंतर. कारण गिऱ्हाइकांचा मेळावा यंदा नव्हता. यंदा नव्हता आणि पुढेही असणार नव्हता. मॅनेजरने सगळ्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावून तसं सांगितलं होतं, आणि ताईंनी इतरांबरोबर शहाण्यासारखी मानही डोलावली होती. मग आता हे कोण बोललं? ताईंनी फोनकडे असं पाहिलं, जणू आगाऊपणा त्याने केला होता.

ताई म्हणजे शहराच्या टोकाला हमरस्त्यावर जे ट्रॅक्टरचं शोरूम आहे, तिथल्या सुट्या भागांच्या काउंटरवरच्या ताई. लग्नाआधी त्या इथे फोन उचलायला म्हणून लागल्या आणि फिल्टर, बेल्ट, बेअरिंग यांच्या फडताळांमध्ये त्यांचे केस पांढरे झाले. ग्राहकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. पण कोणी पहिल्यांदा येऊन काय नेलं ते मात्र डोक्यात पक्कं बसायचं, आणि मग तेच त्या माणसाचं नाव होऊन जायचं. क्लचवाले. बेल्टआजोबा. तो एक नुसताच हॉर्न. तोंडावर कोणी म्हणत नसे अर्थात, पण काउंटरच्या आतल्या बाजूला सगळे हीच नावं वापरत, जुने मालकसुद्धा. आत्ता फोनवर होते ते रेडिएटरकाका. तरुणपणी ते पहिल्यांदा आले ते उकळून फुटलेला रेडिएटर खांद्यावर घेऊन. शर्टाची पाठ गंजक्या पाण्याने लाल झालेली, आणि वर म्हणतात कसे, "ताई, याला ताप आलाय, काहीतरी द्या." ताईंना तेव्हा हसू आवरेना. तेव्हा त्या खरं तर कोणाच्याच ताई व्हायच्या वयाच्या नव्हत्या, पण काउंटरच्या मागे उभ्या राहिल्या म्हणजे ताई, असं काकांनी ठरवून टाकलं आणि मग तेच रूढ झालं.

आज फोनवर काकांनी आधी इकडचं तिकडचं काढलं. ऊन फार आहे, गुडघे कुरकुरतात. मग म्हणाले, "ताई, ट्रॅक्टर विकला आम्ही. पोरगं काही परत येत नाही, जमीन दुसऱ्याला कसायला दिली. म्हणजे आता काही आम्ही तुमचं गिऱ्हाईक राहिलो नाही. तरी मेळाव्याला यायचं ना? का..." तो 'का' तसाच लोंबकळत राहिला. त्याच्यावरच ताईंचा तोल गेला. माणूस पायरीवरून घसरताना हात पुढे करावा तसं त्यांनी 'या' म्हटलं होतं. त्या क्षणी मेळावा आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. काकांनी यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

"मग कर ना फोन," संध्याकाळी नवरा म्हणाला. तो पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला होता आणि आता गॅलरीतल्या कुंड्यांना पाणीपुरवठा करत होता. "सांग, रद्द झाला म्हणून. त्यात काय एवढं?"

"त्यांनी विचारलं, ट्रॅक्टर विकला तरी येऊ का. मी म्हटलं या. आणि आता उलट फोन करून सांगू, मेळावाच नाहीये? काय वाटेल त्यांना?"

"काय वाटेल? मेळावा नाहीये असं वाटेल."

"नाही हो. त्यांना वाटेल, बाईने तोंडदेखलं या म्हटलं. मग साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याला कशाला जेवायला घालायचं? आणि आता बाई थाप मारतेय."

नवऱ्याने झारी खाली ठेवली. "तू फार लांबचा विचार करतेस."

"लांबचा नाही, त्यांच्या बाजूने करतेय," असं ताई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा स्वतःचाच त्यावर पुरता विश्वास बसेना. त्यांच्या बाजूने की आपल्या? काका आवारात येतील, बायकोला घेऊन येतील, कदाचित शेजारीपाजारी घेऊन येतील, सगळ्यांना घेऊन या म्हणून आपणच बजावलंय; आणि तिथे ना मांडव, ना खुर्च्या, ना वाढप. मॅनेजर बाहेर येईल आणि गोड आवाजात विचारेल, कोणी बोलावलं तुम्हाला? आणि सगळ्यांच्या माना काउंटरकडे वळतील. त्या वळणाऱ्या माना ताईंना स्वयंपाकघरात, बसच्या खिडकीत, अंघोळीच्या बादलीत दिसायला लागल्या. आयुष्यभर आपल्या शब्दावर लोक विसंबले. ताई म्हणाल्या ना मंगळवारी बेअरिंग येईल, मग येणार. माणूस मंगळवारी उठून तासाभराचा रस्ता तुडवत यायचा. दुसरं काय होतं आपल्याकडे? एवढंच. आणि तेच आता तोंडघशी पडायची वेळ आली होती.

मेळावा म्हणजे जुन्या मालकांचं खूळ. मालक पोटाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. सुगी आटोपली की पहिल्या रविवारी ते सकाळीच काउंटरचं शटर स्वतःच्या हाताने खाली ओढायचे, आणि स्वतःच रंगवलेली पाटी हुकाला लटकवायचे: आज विक्री बंद. अक्षर भयंकर. 'विक्री'तली वेलांटी पाटीबाहेर जायला बघायची. मागच्या मोकळ्या जागेत मांडव असे. माणसं ट्रॉल्या भरभरून येत, पोरंबाळं, म्हाताऱ्या, ज्याचा त्याचा ट्रॅक्टर धुऊन पुसून रांगेत उभा. कोणी नव्या यंत्राची किंमत विचारली तर मालक कानावर हात ठेवायचे, "उद्या या, आज मी दुकानदार नाही." वाढायला स्वतः. आणि वाढायचे ते माणसाच्या मागे उभे राहून, खांद्यावरून हात पुढे घालून. ताईंनी एकदा विचारलं होतं, समोरून का नाही वाढत? "समोरून वाढलं की माणूस नको म्हणतो," मालक म्हणाले होते, "मागून वाढलं की म्हणेपर्यंत ताटात पडलेलं असतं." एका वर्षी ऐन पंगतीत एक जण धापा टाकत आला, मळणीयंत्राचा बेल्ट तुटलाय, आभाळ भरून आलंय, आत्ताच्या आत्ता बेल्ट द्या. मालक पाटीकडे बोट दाखवून नुसते उभे. तो रडकुंडीला आला. हातापाया पडायला लागला. मग मालकांनी शटर गुडघ्याएवढं वर केलं, त्या पोटानिशी खाली वाकले, आत हात घालून बेल्ट काढला आणि त्याच्या गळ्यात टाकला. "विकणार नाही म्हटलं. देणार नाही असं कुठे म्हटलं?" सगळ्यात मोठ्याने हसले होते ते रेडिएटरकाका. तोंडातला घास उडाला होता त्यांचा.

ते कधी संपलं, ते ताईंना नेमकं सांगता आलं नसतं. एखाद्या दिवशी संपलं असतं तर माणसाने त्या दिवसाला नावं ठेवली असती. आधी मालकांचे पाय सुजले. मग त्यांच्या मुलाने शोरूम एका मोठ्या कंपनीला देऊन टाकलं, जिच्या अशा कितीतरी शाखा होत्या. मागच्या मोकळ्या जागेत नवी यंत्रं उभी राहिली, म्हणून मांडव पुढे आला आणि लहान झाला. ताटं गेली, पुठ्ठ्याचे डबे आले. डबे गेले, चहा-बिस्किटं आली. मग जोडीला किल्ली अडकवायची एक एक साखळी. आणि त्या दिवशी काउंटर उघडा, वर खास सवलत. माणसं पण तशीच ओसरली, हे ताईंना नाकारता येत नव्हतं. आता यंत्रच म्हणे परस्पर कंपनीला कळवतं की माझं तेल बदला, आणि फिल्टर घरपोच जातो. काउंटरला कोपर टेकून अर्धा तास बोलायला कोण येतंय? मागच्या वर्षी तर खुर्च्या रिकाम्या, आणि वाऱ्याने त्यातली एखादी आपोआप सरकायची तेव्हा सगळे दचकून फाटकाकडे बघायचे. "तुम्हीच सांगा ताई," मॅनेजर केबिनमध्ये म्हणाला होता, "निम्मी बिस्किटं फेकली आपण. आता सगळ्यांच्या मोबाइलवर शुभेच्छांचा छान संदेश पाठवतोय." वाईट नव्हता मॅनेजर. ताईंच्या पोराच्या वयाचा, ताईंना ताई म्हणणारा, आणि दुपारी एकटाच पडद्यासमोर डबा खाणारा. त्याच्यावर धड रागावताही येत नसे, हीसुद्धा एक पंचाईत. आणि काउंटर ठेवायचा की नाही तेही वरून ठरेल, हे त्याने सांगितलं होतं ते इतक्या हळू आवाजात, की ताईंनाच त्याची कीव आली.

शेवटी गुरुवारी ताईंनी मनाचा हिय्या केला आणि फोन लावला. खरं तेच सांगायचं, वाटेल ते वाटो. फोन काकूंनी उचलला. "ताई का? अहो, तुमचंच चाललंय घरात! शर्ट इस्त्री करून कपाटात टांगलाय, कोणी हात लावायचा नाही. ट्रॅक्टर गेल्यापासून ओट्यावर बसून असतात नुसते, रस्त्यावरून कोणाचं यंत्र गेलं की आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगतात. पहिल्यांदा म्हणाले, मला अमुक ठिकाणी जायचंय." ताईंचं सांगायचं ते राहूनच गेलं. "मी... सहज केला होता फोन," त्या म्हणाल्या. "पुढच्या चौकात रस्ता खणून ठेवलाय, तेवढं वळसा घालून या म्हणावं." फोन ठेवला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. रद्द करायला गेल्या होत्या आणि वाट सांगून आल्या होत्या.

शुक्रवारी त्या केबिनमध्ये गेल्या. सांगून टाकू, साहेब, असं असं झालंय. काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि तोंडाने तिसरंच काढलं, "साहेब, रविवारी मला सुट्टी मिळेल?" मॅनेजर म्हणाला, "नाही हो जमणार ताई, रविवारी आपण दोघंच आहोत." ताई बाहेर आल्या आणि काउंटरच्या थंड पत्र्यावर दोन्ही तळवे टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे आपण पळून जाणार होतो. काकांना या पोराच्या तोंडी देऊन आपण घरी कुंड्या बघत बसणार होतो. सुट्टी मिळाली नाही याने त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मागितली याची लाज वाटली ती दिवसभर गेली नाही. कोणीतरी स्कॅनरखाली खोकी सरकवत होतं, टी, टी, असा तो आवाज, आणि दर आवाजाला ताई उगाच मान वर करत होत्या.

रविवारी शोरूमच्या फरशा धुऊन चकचकीत झाल्या होत्या आणि त्यांत नारिंगी यंत्रं उलटी दिसत होती. ताईंनी घरून मोठ्या थर्मासमध्ये चहा आणला होता. का आणला, हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. फक्त झाकण नीट बसलंय का ते बघितलं. हमरस्त्यावर काही थांबल्याचा आवाज आला की ताईंच्या हातातलं काम थांबे. येऊ नयेत. काही कारणाने, काही वाईट नको व्हायला, नुसती बस चुकावी, येऊ नयेत. दुपार व्हायला आली, जेवायची वेळ टळली, काका आले नाहीत, आणि सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी ताईंना वेगळीच धास्ती वाटायला लागली. त्यांना कळलं असेल. चौकाचा वळसा सांगताना आपला आवाज कापला असेल, काकूंनी ते ओळखलं असेल, आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून काका आत्ता ओट्यावरच बसले असतील. हे त्याहून वाईट होतं. आता यावेत, असं ताईंना वाटलं, आणि स्वतःच्या मनाच्या या कोलांटउड्यांचा वीट आला.

तेवढ्यात ते फाटकातून आत आले. चालत. हे ताईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. काका दरवर्षी ट्रॅक्टरवर बसून यायचे, हॉर्न वाजवत, मागे ट्रॉलीत सगळं घर. आणि आता बसथांब्यापासून, चौकाला वळसा घालून, धुळीने बूट पांढरे झालेले, शर्टाची घडी मात्र कडक. मागे काकू, हातात जड पिशवी. बाकी कोणी नाही. सगळे म्हणजे आता हे एवढेच होते.

काका आवाराच्या मधोमध थांबले. त्यांनी मांडव असायचा तिकडे पाहिलं. मग शोरूमच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग काचेतून आत, काउंटरवर, ताईंकडे. काकांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, दुखल्यासारखं. पण ते गेलंच, थांबलं नाही. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी हळूच पाठीमागे धरली. पिशवीच्या तोंडातून लिंबं दिसत होती, घरच्या झाडाची. मॅनेजर केबिनच्या दारात आला, "या सर, काय सेवा करू?" आणि काका मोठ्याने, त्याला नीट ऐकू जाईल असे म्हणाले, "काही नाही साहेब, ऑइल फिल्टर हवा होता. इकडून चाललोच होतो." मग काउंटरशी येऊन, खिशात हात घालत, ताईंच्या डोळ्यांत न बघता, "द्या हो ताई एक. आपल्या जुन्या मॉडेलचा."

ताई वळल्या. फडताळ बघायची गरज नव्हती, हात आपोआप गेला. खोकं हलकं होतं. विकून टाकलेल्या ट्रॅक्टरचा फिल्टर. हा माणूस बस बदलून, चालत, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि आल्या आल्या त्याने काय केलं, तर ताईंची चूक झाकली. एक प्रश्न नाही, एक शब्द नाही. आता ताईंनी खोकं स्कॅनरखाली धरायचं, टी असा आवाज येणार, काका पैसे देणार, आणि हा फिल्टर घेऊन दोघं परत बसथांब्यावर जाणार, आणि कोणाला काही कळणार नाही. किती सोपं होतं. आठवडाभर ज्याची भीती होती ते काही न होता टळलं होतं. स्कॅनरचा लाल उजेड खोक्यावर पडला. ताईंनी खोकं बाजूला घेतलं.

"आज विक्री बंद आहे, काका."

आवाज त्यांचाच होता, फोनवरचाच, तसाच मोकळा. या वेळीही तोंड आधी गेलं होतं, फक्त या वेळी ताई त्याच्यामागोमाग गेल्या. त्यांनी वर हात करून शटर धरलं. कित्येक वर्षांत ते खाली आलं नव्हतं. खडखडलं, अर्ध्यात अडलं, ताईंनी दोन्ही हातांनी लोंबकळून ते ओढलं. गंज डोक्यावर पडला. बाजूच्या दाराने त्या बाहेर आल्या तेव्हा काका तिथेच उभे होते, खिशातला हात खिशातच.

"विक्री बंद," काका हळूच म्हणाले. "पण द्यायचं काही बंद नाही ना?"

"असं कुठे म्हटलं मी?" ताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आणि रडू एकदम फुटलं.

त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढल्या. काकूंना बसवलं, काकांना बसवलं, थर्मास उघडला. झाकण हातातून निसटून चकचकीत फरशीवर गरगरत मॅनेजरच्या बुटापर्यंत गेलं. त्याने ते उचललं. एकदा खाली ओढलेल्या शटरकडे पाहिलं, एकदा छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे. "ताई," तो म्हणाला, "हे काय चाललंय? उद्या मला वरून फोन येईल."

"येईल," ताई म्हणाल्या. "माझं नाव सांगा, साहेब. मी बोलावलंय यांना. मेळावा आहे."

मॅनेजर झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग काकांनीच शेजारची खुर्ची हाताने पुसली आणि पुढे सरकवली.

"या की साहेब, उभे का? ताईंनी सगळ्यांना बोलावलंय."

तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला, कोणत्याही क्षणी उठेल असा. ताईंनी कप भरला. समोरून दिला तर तो नको म्हणणार, हे त्यांना दिसत होतं. त्या वळसा घालून त्याच्या खुर्चीमागे गेल्या, आणि कपाचा हात त्याच्या खांद्यावरून पुढे केला.